आष्टीच्या अभ्यासिकेतलं पाखरू

"बाई, परत गेलं."

रेणुका हे इतक्या हळू बोलली, जणू तिच्याच हातून काहीतरी फुटलं होतं. मी स्क्रीनकडं पाहिलं. काळाकुट्ट. त्यात माझाच चेहरा दिसत होता, आणि तो बघून कुणाला धीर आला असता असं काही वाटेना.

तिची ऑनलाइन परीक्षा दुसऱ्या दिवशी अकराला होती. दीड तासाची. एकदा पान उघडलं की शेवटपर्यंत उघडं राहिलं पाहिजे. मध्येच बंद पडलं तर तेवढ्यावरच पेपर जमा, पुन्हा संधी नाही. आणि आमचं मशीन कधी अर्ध्या तासानं, कधी पाऊण तासानं, न सांगता न सवरता डोळे मिटून घेत होतं.

"काही न्हाई गं," मी म्हणाले. "जुनं मशीन आहे. रुसतं कधी कधी."

मी घाबरले होते, हे तिला कळू द्यायचं नव्हतं. तिला कळलंच होतं म्हणा. मेंढ्या राखणाऱ्या घरातली पोर ती. कोण घाबरलंय हे त्यांना लांबून कळतं.

तेव्हा मी नुकतीच साठी ओलांडली होती, म्हणजे पोरगीच. शाळेत संगणक शिकवून निवृत्त झालेली. चष्मा दोरीनं गळ्यात, पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर, आणि जगातलं कुठलंही मशीन आपल्याला घाबरतं असा ठाम समज. आता नातवंडांना त्या साठीच्या पोरीबद्दल सांगताना मला हसू आवरत नाही. पण त्या दिवशी तिची पार तंतरली होती.

आमची अभ्यासिका आष्टीत, जिनिंगच्या भिंतीला लागून. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. हंगामात तिथून कापसाचे बारीक तंतू उडतात. केसांत, चहात, वहीत, सगळीकडं. अभ्यासिकेला आधी कुणीतरी दान दिलेले कॉम्प्युटर होते, ते या तंतूंनीच मारले. कॉम्प्युटरच्या आत गरम भाग गार ठेवायला छोटा पंखा असतो. तो हवेबरोबर तंतू ओढायचा आणि एक दिवस गादी भरल्यासारखा गच्च व्हायचा.

अभ्यासिका चालवायचे तात्या. मी त्यांना म्हणाले, "तात्या, पंखाच नसलेलं मशीन घेऊ."

"बिनपंख्याचं? मंग त्ये जगंल कसं?"

"तात्या, हा माझा विषय आहे."

असं ठणकावून सांगितलं मी. तात्यांनी ऐकलं. ऐकायला नको होतं.

थिन क्लायंट नावाचं बिनपंख्याचं छोटं मशीन मिळतं. मोठ्या ऑफिसांत वापरून झालं की जुन्या बाजारात येतं. जेवणाच्या डब्याएवढं, आवाज नाही, वीज कमी खातं, आणि स्वस्त. पण त्याची मेमरी तोकडी. मेमरी म्हणजे मशीनचा ओटा. ओटा लहान असेल तर एका वेळी फार पसारा मांडता येत नाही. नेहमीची ऑपरेटिंग सिस्टीम आणि ब्राउझर, दोन्ही त्यावर मावेनात. मावतील अशी एकच सिस्टीम मला माहीत होती. जगातले काही हौशी लोक आपल्या रिकाम्या वेळात ती बनवतात आणि फुकट वाटतात. इतकी हलकी, की मी तिचं नाव 'पाखरू' ठेवलं होतं. आख्ख्या जालना जिल्ह्यात ती वापरणारी बहुधा मी एकटीच. याचा मला केवढा अभिमान!

अशा सिस्टीमचं एक असतं. आधी मशीन घेऊन मग सिस्टीम टाकू, असं चालत नाही. मशीनच्या प्रत्येक भागाशी बोलायला एक दुभाषी लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. मोठ्या सिस्टीमकडं सगळ्यांचे दुभाषी असतात. पाखराकडं मोजकेच. म्हणून मी पेनड्राइव्हवर पाखरू घेऊन संभाजीनगरच्या जुन्या बाजारात गेले आणि दुकानात एकेक डबा चालू करून बघायला लागले.

"खाला, विंडोज डालके देता ना मैं," दुकानदार काकुळतीला आला.

"नको बेटा. माझं पाखरू बसतंय का बघू दे."

पहिल्या डब्यात इंटरनेटच सापडेना. दुसऱ्याचा पडदा जांभळा झाला तो झालाच. तिसरा मात्र झकास. इंटरनेट लागलं, ब्राउझर उघडला, मराठी अक्षरं बराबर दिसली. फक्त ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्हता. म्हणजे पडद्यावर चित्र काढायचं काम मुख्य प्रोसेसरलाच करावं लागणार. एकाच सुनेनं स्वयंपाकही करायचा आणि पाहुणेही सांभाळायचे.

"चालतंय की!" साठीची पोरगी म्हणाली, आणि तसलेच डबे घेऊन आली.

वर्षभर छान चालले. पोरं-पोरी येत, पंधरा-वीस मिनिटं नोकरीच्या जाहिराती बघत, निकाल बघत, उठून जात. मग रेणुका आली.

तिला जनावरांच्या दवाखान्यात काम करायचा डिप्लोमा करायचा होता. वसतिगृहाची सोय असलेली संस्था, जागा थोड्या, प्रवेश परीक्षा ऑनलाइन. मोबाइलवर चालत नव्हती. ज्या मशीनवरून सरावाचं लॉगिन केलं, त्याच मशीनवरून परीक्षा द्यायची, असा संस्थेचा नियम. रेणुकानं सराव आमच्याकडं केला. तोवर त्या मशीनवर कुणी सलग तासभर बसलेलंच नव्हतं. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. म्हणजे हीच परीक्षा, हाच डबा.

तर, आदल्या दिवशीची दुपार. मी कामाला लागले.

आधी मेमरीवर संशय घेतला. शेजारच्या डब्यातली मेमरी काढून यात घातली. गेलंच.

मग ब्राउझरवर. एकच पान उघडं ठेवलं, बाकी सगळं बंद. गेलंच.

मग वीज देणाऱ्या ॲडॉप्टरवर. तो बदलला. थोडं जास्त टिकलं, मला आशा वाटली, आणि गेलं. दर वेळी चहा पिऊन आलं की मुकाट्यानं चालू व्हायचं. जसं काही झालंच नव्हतं. हेच फार भीतीचं असतं बघा. पूर्ण मेलेलं मशीन परवडलं, ते खोटं तरी बोलत नाही.

पाखराच्या मंडळींना इंटरनेटवर विचारलं. एका परदेशी माणसाचं उत्तर आलं, "मशीनचं तापमान किती आहे?" मी बघायला गेले, तर तापमान मोजणाऱ्या भागाचा ड्रायव्हर पाखराकडं नव्हता. आकडाच दिसेना. दिसत नाही म्हणजे नसेल, अशी मी समजूत घातली. बिनपंख्याचीच मशिनं आहेत, गरम होत असती तर कंपनीनं पंखा दिला नसता का?

संध्याकाळी तो डबा घरी नेला. स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून ब्राउझर उघडला, पाच-सहा पानं लावली. कुकर झाला, भाकरी झाल्या, जेवणं झाली, तरी पठ्ठ्या सुरूच. घरी चालतंय, अभ्यासिकेत मरतंय! माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. जिनिंग! तिथली मोठी यंत्रं सुरू झाली की वीज खालीवर होते. तेच.

तात्यांना फोन केला. ते म्हणाले, "मंग जिन बंद ठेवायला सांगतो. मालक आपल्या ऐकण्यातला हाये."

"परीक्षा होईपर्यंत?"

"व्हय. पोरीचा सवाल हाये, बाई."

एका पोरीच्या परीक्षेसाठी आख्खं जिनिंग थांबणार होतं. आणि माझा अंदाज चुकला तर? मी अंथरुणावर पडून गणपतीला, खंडोबाला आणि त्या परदेशी माणसाला, तिघांना एकदमच नवस बोलले.

सकाळी डबा परत जागेवर बसवून दिला. रेणुकाचे वडील, बापू, दारात उभे होते. मेंढरं भावाकडं सोपवून पहाटेच आल्ते.

"बाई, मशीन दगा देणार न्हाई ना?"

"बिलकुल न्हाई."

"तुम्ही म्हणता तर मंग न्हाईच देणार." असं म्हणून ते पायरीवर बसले. एवढा विश्वास माणसानं माणसावर ठेवू नये.

जिनिंग थांबलं. इतकी शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. मार्च अखेरचं ऊन, वारा नाही. तंतू उडू नयेत म्हणून छताचा पंखाही बंद. रेणुकानं पान उघडलं. वरच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळायला लागलं.

मी तिच्या मागं स्टुलावर बसले, तात्या भिंतीपाशी. पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास. दर वेळी नवं पान उघडायला जरा उशीर झाला की मला वाटे, गेलं. मग अक्षरं उमटत, मग मी श्वास घेई. हळूहळू तो उशीर वाढत चालला होता. एका प्रश्नाला तर पडदा इतका वेळ पांढरा राहिला, की रेणुकानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी हसले. तसलं हसू दाताच्या डॉक्टरकडं येतं.

बसवेना म्हणून उठले आणि टेबलामागं गेले. वायर ढिली नाही ना बघायला हात घातला. हात डब्याला लागला आणि चटका बसला. तव्याला बसतो तसा.

आता एक सांगते. त्या खोलीत प्रत्येक डब्यावर क्रोशानं विणलेलं कव्हर होतं. हे इतका वेळ सांगितलं नाही, कारण मलाही ते दिसलं नव्हतं. अभ्यासिका झाडणाऱ्या कांताबाईंनी विणली होती. कापसापासून जपायला. पांढरी, कडेनं लाल झालर, कुंचीसारखी घट्ट. माझ्या घरात टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या हँडलला कव्हर. मग मेमरी बदलताना कांताबाईंनी उतरवून परत चढवलेलं डब्यावरचं कव्हर मला कसं दिसणार? पंखा नसलेलं मशीन वरच्या जाळीतून गरम हवा सोडतं. त्याचं नाकच झाकलेलं. त्यात एकट्या प्रोसेसरवर दोघांचं काम. जास्त तापलं की मशीन जळू नये म्हणून स्वतःच बंद होतं, आणि गार झालं की उठतं. घरी नेताना कव्हर मळेल म्हणून कांताबाईंनी ते काढून घडी घालून ठेवलं होतं. सकाळी मी डबा ठेवून वायरी घ्यायला वळले, तेवढ्यात त्यांनी ते परत चढवलं.

मी कव्हर ओढलं. निघेना. कांताबाईंचं काम पक्कं. प्रत्येक वायरीसाठी शिवून वेगळं काज केलेलं. कव्हर काढायचं तर आधी वायरी काढाव्या लागणार. म्हणजे परीक्षा संपली.

"कांताबाई, कात्री!" मी कुजबुजले.

"कशाला?"

"हे कापायचंय."

"आवं, दिवाळीपासून इणलंय म्या!"

"कांताबाई, पोरीची परीक्षा जाईल."

त्यांनी तोंडावर पदर धरला. कात्री काही खोलीत नव्हती. होती ती पायरीवर. बापूंनी बाजारात धार लावायला म्हणून लोकर कातरायची कातर आणली होती, धार लावून आणलीही होती. मी खूण केली. ते चपला काढून आत आले.

"वायरीला धक्का नको," मी त्यांच्या कानात म्हणाले. "बारीकशी हालली तरी सगळं गेलं."

"मेंढराच्या कातड्याला धक्का न लावता कातरतो बाई. ह्ये तर हालत बी न्हाई."

ते गुडघ्यावर बसले. डावा हात डब्यावर ठेवला, चटका बसला तरी उचलला नाही. कातर झालरीखालून आत गेली आणि वर सरकत राहिली, वायरीपाशी थांबली, वळसा घेतला, पुढं गेली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा कव्हर लोकरीसारखं एका बाजूला पडलं होतं आणि पडदा अजून उजेडात होता.

छताच्या पंख्याचं बटण दाबून विजेला धक्का द्यायची कुणाची छाती होईना, म्हणून तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि डब्याला वारा घालायला लागले. कांताबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. मी नुसता पदर. तीन माणसं एका डब्याला वारा घालतायत, चौथा कातर छातीशी धरून बसलाय, आणि कुणी खोकतसुद्धा नाही. शेवटची वीस मिनिटं मी पडद्याकडं पाहिलंच नाही. फक्त डब्यावरचा हिरवा दिवा. तो विझू नये, एवढंच.

"बाई, सबमिट झालं."

बापूंनी कातर खाली ठेवली. बोटांवर फोड आला होता. तात्यांनी टोपी घातली, ती घामानं ओली होती. भिंतीपलीकडं जिनिंग धडधडायला लागलं.

रेणुकाचं नाव दुसऱ्या यादीत लागलं. पहिल्या यादीनंतरचे दिवस आम्ही कसे काढले ते विचारू नका. आता ती जनावरांच्या एका दवाखान्यात काम करते. कांताबाई मात्र पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. मशीन कोणतं घ्यावं म्हणून अजूनही लोक विचारायला येतात. मी मेमरी सांगते, ड्रायव्हर सांगते, स्वस्त कुठं मिळतं ते सांगते. आणि मशीन रुसलं तर काय करायचं विचारलं, तर सांगते, आधी हात लावून बघा. लेकरू किरकिरायला लागलं की कपाळाला लावतो तसा. मशीनचं पुस्तक मागाहून उघडता येतं.