बदामाखालची मीटिंग
गाडीच्या काचेवर देशी बदामाचं लालभडक पान पडलेलं दिसलं, की कोथरूडच्या जुन्या सोसायटीतली ती मीटिंग आठवते. पानांचा कचरा होतो, म्हणून आवारातला बदाम तोडायचा, असा चेअरमनचा ठराव होता. मे महिन्याचं ऊन, म्हणून खुर्च्या बदामाखालीच मांडलेल्या. ठराव वाचता वाचता चेअरमन सावलीबरोबर खुर्ची सरकवत होते. तळमजल्यावरच्या काकू दगडानं बदाम फोडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "अहो, सह्या मात्र उन्हात जाऊन करू." सगळे हसले. काकूंनी चेअरमनच्या हातावर दोन गर ठेवले. त्यांनी ते सावकाश चावून खाल्ले आणि खाली वाकून ठरावाच्याच कागदात टरफलं गोळा केली. काचेवरचं पान मी अजून झटकत नाही.