मानेतली नस आणि माझी लेझीम

शाळेतल्या तपासणी शिबिरात माझं बीपी वाढलेलं निघालं, आणि ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. घनसावंगीत माणसांना जीप भरायची वाट बघावी लागते, बातम्यांना लागत नाही.

गोळी सुरू झाली. तिच्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण नवऱ्याने गोळीबरोबर माझी लेझीमही बंद केली. आमच्या वस्तीतल्या बायकांचं लेझीम पथक मी उभं केलेलं. दर वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत पहिल्या रांगेत मीच असते. आणि जयंती आता दीड महिन्यावर आलेली.

"तू बस. पोरी खेळतेत, तू बसून सांग," हे म्हणाले.

"बसून लेझीम शिकवायची? म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या!"

"बघ, चिडली. वाढलं का न्हाई?"

राग माझ्या नाकावर असतो, मला माहीत आहे. पण आता रागावायचीही सोय राहिली नव्हती. भांडणात मला गप्प करणारं हत्यार यांना लग्नानंतर पहिल्यांदाच सापडलं होतं, आणि ते दिवसातून चारदा उपसत होते.

तरी मी फार ताणलं नाही. सासूबाई भाकरी थापता थापता कलंडल्या होत्या. लकवा. त्यांचं बीपी कधी कुणी मोजलंच नव्हतं. शेवटपर्यंत यांनी त्यांना स्वतःच्या हाताने भरवलं. तेव्हापासून यांच्या डोक्यात एकच पक्कं बसलेलं, बाई कामाला उभी राहिली की पडते. या भीतीशी काय वाद घालणार? मी घालायचे, पण मनातून नाही.

गोळीने बीपी ताब्यात आलं. तरी मानेच्या नसा एकदा बघून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून आम्ही नवीन जालन्याला सोनोग्राफीला गेलो. हे बाहेर बसायला तयार नव्हते. पडद्यातून तिसऱ्यांदा डोकावले तेव्हा तिथली तरुण डॉक्टरीण म्हणाली, "काका, तुम्ही आतच या."

तिने माझ्या मानेला गार जेल लावलं, हातातलं यंत्र टेकवलं आणि एक बटण दाबलं. खोलीभर आवाज सुरू झाला. सुपात धान्य पाखडावं तसा, फुस्स, फुस्स, एका लयीत.

"हा कशाचा आवाज?" यांनी विचारलं.

"काकूंच्या रक्ताचा."

हे पुढे सरकले आणि मशीनच्या स्क्रीनकडे बघतच राहिले. मग तिने समजावलं. नसेत रक्त दोन कामं करतं. एक म्हणजे भिंतीला बाहेर ढकलतं. बीपी म्हणजे तेच ढकलणं. ते वर्षानुवर्षं जास्त राहिलं की भिंत जाड आणि कडक होते. दुसरं, रक्त भिंतीला घासत पुढे पळतं. हे घासणं वाईट नाही, उलट सरळ पळणाऱ्या रक्ताने भिंत आतून चांगली राहते. नसेला फाटा फुटतो तिथे तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. लाल रंगात एक निळा ठिपका गरगरत होता. "इथं रक्त गोल फिरतं, रेंगाळतं. भिंत बिघडायला लागते ती बहुतेक अशाच जागी. काकूंची जराशीच जाड आहे. घाबरायचं कारण नाही."

"मंग आराम केलेला बरा न्हाई का?" यांनी आपलं घोडं पुढे दामटलं.

"काका, गोळी ढकलणं कमी करते. पण रक्त चांगलं पळतं राहायला माणूस हलता पाहिजे. काकूंना कसली सवय आहे?"

"लेझीम!" मी इतक्या जोरात ओरडले की तिला मानेवरचं यंत्र उचलावं लागलं.

ती खूप हसली. गोळी चुकवायची नाही, हळूहळू वाढवायचं, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर जागच्या जागी थांबायचं, या अटींवर तिने होकार दिला. मी यांच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

परतीच्या एसटीत हे खिडकीकडे तोंड करून बसले. मला वाटलं रुसले. मग तसेच बाहेर बघत म्हणाले, "माझ्या मायचा आवाज कुणी ऐकलाच न्हाई."

माझा सगळा विजय तिथेच उतरला. फार वाईट वाटलं मला. भरल्या एसटीत, या वयात, मी यांचा हात धरला आणि गाव येईपर्यंत सोडला नाही.

जयंतीला मी निळी साडी नेसून पहिल्या रांगेत उभी राहिले. सुरुवातीला जरा बिचकत, मग हलगीने कडक ताल धरला आणि माझं बिचकणं गेलं. हे गर्दीतून कडेकडेने सोबत चालत होते, हातात पाण्याची बाटली, नजर माझ्यावरून हटत नव्हती. चौकात शेजारीण खुर्ची घेऊन धावत आली. माझ्या कपाळावरचा घाम बघून म्हणाली, "बाई, लई झालं आता. बसा जरा."

मी तोंड उघडायच्या आत हे मध्ये आले.

"न्हाई, न्हाई. खेळू द्या तिला. बसली की मलाच भ्या वाटून राह्यलं आता."