चौथ्या शीलापाशी

आम्ही बौद्ध माणसं चमत्कार मानत नाही, आणि मी तर मानण्यासारख्याही बऱ्याच गोष्टी मानत नाही. त्यामुळे काळेवाडीच्या विहारात त्या रविवारी जे झालं, त्याला काय नाव द्यावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझा नवरा चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आणि विहाराच्या समितीचा सचिव. स्त्रियांच्या समतेवर फार छान बोलायचा; फ्लेक्सवर त्याचा फोटो वक्त्यापेक्षा मोठा असे. शिफ्टवरून घरी आल्यावर भाजी गार लागली, तरी हात उचलायचा. दारूला मात्र कधी शिवला नाही. ते शील त्याने कसोशीने पाळलं आणि वस्तीला तेवढा पुरावा पुरेसा होता. मी एकदाच शेजारच्या काकूंजवळ विषय काढला, तर म्हणाल्या, "दादा? अगं, ते तर चहापण बिनसाखरेचा पितात." मग मी वाचन वाढवलं. पुस्तकांत जगाच्या दुःखाचं कारण सापडायचं, आमच्या घराचा पत्ता तेवढा कुठे नसायचा.

त्या रविवारी माझा जबडा सुजला होता. पदर गालावर ओढून बसले. बायकांनी विचारलं, तेव्हा बाथरूमचं दार लागलं म्हणाले. नेहमी वंदना सांगणाऱ्या ताई गावी गेलेल्या. नवऱ्यानेच माइक माझ्याकडे सरकवला. "आज आमच्या मॅडम घेतील." माझ्या पाठांतराचा त्याला अभिमान होता.

पंचशील आमच्याकडे एकाने आधी म्हणायचं, मग सगळ्यांनी त्याच्या मागून. पहिलं झालं, हिंसा न करण्याचं. पहिल्या रांगेत हात जोडून तोही म्हणाला, अगदी सुरात. दुसरं, तिसरं झालं. चौथं खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून म्हणत आलेली ओळ, पण आवाजच फुटेना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत थांबलेले. कुणीतरी खोकलं. "अगं, म्हण की," नवरा हळूच म्हणाला.

"मला हे म्हणता येणार नाही," मी म्हणाले. "मघाशी दाराचं सांगितलं ते खोटं होतं. यांनी मारलंय मला. नेहमी मारतात."

एरवी आमचा माइक महत्त्वाच्या वाक्याला हमखास बंद पडतो. त्या दिवशी चालू होता.

"हिची तब्येत बरी नाही," म्हणत तो उठला. तेवढ्यात मागून एक म्हातारी पुढे आली. देहूरोडची, आमच्यातल्या कुणाच्या तरी ओळखीने आलेली. मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. माझ्या शेजारी मांडी घालून बसली. "तू दम खा, बाई. राहिलेलं मी म्हणते." मग मान वर न करता त्याला म्हणाली, "तू बस रे खाली. शील चालू हाय."

आणि तो बसला. घरात कशाची भीड नसलेला माणूस, चारचौघांत वंदना मोडायला भ्यायला. म्हातारीने चौथं म्हटलं, पाचवं म्हटलं. तिच्यामागून सगळे म्हणाले, पण खालच्या आवाजात.

नंतर ती म्हातारी आणि मी पोलीस चौकीवर गेलो. शेजारच्या काकूही आल्या. वाटेत म्हणाल्या, "भिंत एकच आहे गं आपली. ऐकू यायचं मला."

चमत्काराचे अनुभव सांगणाऱ्या गोष्टींत मदतीला आलेलं माणूस अदृश्य होतं. ही म्हातारी झाली नाही. तक्रार लिहून होईपर्यंत बाकावर बसून राहिली, चौकीतल्या चहाला नावं ठेवली आणि देहूरोडची बस धरून गेली. अजून फोन करते, जेवलीस का विचारते.

आता मी रहाटणीला बहिणीकडे असते. केस चालू आहे. वेगवेगळ्या विहारांत बोलावतात, तिथे हे सगळं सांगते. बायका विचारतात, एवढा धीर कुठून आणलास? तो माझा नव्हता, याहून खरं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाचा होता, ते शोधायचंही मी सोडलंय, आभार मानते. शरण जाणं म्हणजे निमूट सोसणं, अशी माझी वर्षानुवर्षं समजूत होती. त्या रविवारपर्यंत नवऱ्याची अब्रू मी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून चालत होते. ती खाली ठेवली, तेव्हा कळलं की जोडायला आधी हात मोकळे लागतात.