अर्धी करंगळी

आमचे हेडक्लार्क बंकरच्या छतावर उभे राहून दोनदा पाय आपटायचे आणि म्हणायचे, "बॉम्ब पडला तरी हलणार नाही!"

नागपुरावर बॉम्ब कधी पडलाच नाही, हे त्यांना सांगायची सोय नव्हती. ऑफिसात मी त्यांच्याच हाताखाली होतो.

आमच्या क्वार्टर्समागचा तो महायुद्धातला बंकर तीस वर्षं बकऱ्यांच्या कामी आला. एकाहत्तरच्या लढाईत हे वॉर्डन झाले, शिट्टी फुंकून लोकांचे दिवे बंद करवले आणि तेवढ्या पराक्रमावर पुढे बंकर दुरुस्त करून संग्रहालय काढलं. आत काय? ती शिट्टी, वाळूच्या दोन बादल्या, यांचेच तीन फोटो आणि यांनीच रंगवलेला नकाशा. त्यात शत्रूची जहाजं समुद्रातून थेट नागपूरकडे तोंड करून उभी! आलेल्याला हे अर्धा तास सोडत नसत. तुम्हीही सापडला असतात.

उद्घाटनाला वस्तीतली सीताबाई आली. तिच्या नवऱ्यानं, गणपत मिस्त्रीनं, हा बंकर बांधताना ओल्या सिमेंटवर आपला पंजा उमटवला होता. त्याचा फोटोही कधी निघाला नाही. तो गेल्यापासून ती अधूनमधून येऊन त्या पंजावर हात ठेवायची. आता तिथं गुळगुळीत भिंत होती.

"माह्या घरवाल्याचा पंजा काहून बुजवला साहेब? अर्ध्या करंगळीचा होता."

"खड्डा होता बाई तो. दुरुस्ती म्हणजे दुरुस्ती."

ती तिथंच खाली बसली. पाहुणे कुजबुजू लागले तेव्हा कुठं साहेबांचा चेहरा उतरला.

आठ दिवसांनी पंजा परत आला. खाली पाटी : 'गणपत मिस्त्री यांचा मूळ पंजा'. त्या दिवशी ऑफिसात साहेबांच्या अंगठीत सिमेंट अडकलेलं होतं.

सीताबाईनं पाचही बोटं चाचपली. "मेल्यावर करंगळी वाढली का साहेब त्याची?"

मी फिस्सकन हसलो. मग तिच्याकडे पाहिलं आणि त्या माणसाची अशी किळस आली की ती अजून पुरती गेलेली नाही.

साहेब रिटायर झाले, वारले. किल्ली माझ्याकडे आली. आत गेलो तर पंजाची करंगळी अर्धी बुजवलेली, नवशिक्या हातानं, ओबडधोबड. कधी केलं, कुणाला बोलले नव्हते. सीताबाईला बोलावून दाखवलं.

"हात त्याचा नाही," ती म्हणाली आणि न शिवताच निघून गेली.

साहेबांचे तिन्ही फोटो पुढे वाळवीनं खाल्ले. भिंतीवर त्यांचा हात तेवढा राहिला आहे, गणपत मिस्त्रीच्या नावानं.