सिंधूकाकूंनी दिलेला भाव

सिंधूकाकू दूध तपासायचं यंत्र दाराकडे तोंड करून ठेवत. त्यामुळे आकडे त्यांना स्वतःला मान वाकडी करून वाचावे लागत. मी एकदा म्हटलं, "काकू, इकडे वळवा ना जरा." तर म्हणाल्या, "जिचं दूध, तिनं आधी बघायचं. माझ्या मानेला काय धाड भरलीय!"

माळव्यातल्या बागलीच्या शाळेत बदली झाली तेव्हा मी त्यांच्याकडे खोली घेऊन राहिले. त्यांचे यजमान गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. ते गेल्यावर काकूंनी वस्तीतल्या बायकांची दूध समिती काढली. संकलन घरच्या ओसरीवरच. देवघरात सासूबाईंच्या वळणाचं जुनं मराठी आणि ओसरीवर माळवी, पण दोन्हींमधला उंबरा त्या सहज ओलांडत. "धापू, थारी भैंस कई खाय है गं? फॅट बघ कसं चढलंय!"

धापूबाई त्यांची जिवाची मैत्रीण. तिच्याकडे एकच म्हैस. दूध घालून झालं की ती ओसरीवरच बसायची, आणि दोघी बशीत चहा ओतून कुणाच्या तरी सुनेचा विषय काढायच्या.

फॅट किती, आणि फॅट सोडून दुधात सत्त्व किती, यावर भाव ठरे. समितीचं दूध घेणारा संघ दर कळवी आणि दहा दिवसांचं भुगतान खात्यात जमा होई. खातं बाईचंच हवं, नवऱ्याचं नाही, हा काकूंचा हट्ट. त्यावरून दोन-चार नवरे भांडूनही गेले होते. काकू म्हणाल्या, "भिया, शेण तुम्ही काढता का? मग बसा."

एका उन्हाळ्यात खाजगी डेअरीवाल्याची गाडी गल्लीत येऊ लागली. तो संघापेक्षा जास्त देत होता. बायका चुळबुळल्या. त्याच सुमारास संघानं हमीभाव जाहीर केला: उन्हाळाभर दूध नियमित घाला, मग वर्षभर भाव ठरलेल्या दराखाली जाणार नाही. काकूंनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं. "तो आज जास्त देईल, आणि थंडीत दूध वाढलं की पाडेल. संघ पाडणार नाही. मी सांगते ना!"

धापूबाई उठली. "काकी के री है, तो पक्को."

गाडी रिकामी परत गेली.

थंडीत म्हशी व्याल्या, दूध दुपटीनं आलं. आणि संघाचा निरोप आला की आठवड्यातले काही दिवस संकलन बंद. काकूंनी माझ्यासमोर फोन लावला. पलीकडचा साहेब अगदी गोड बोलला. "मॅडम, रेट तो वही है. रेट हमने कहाँ कम किया? बस, दूध नहीं लेंगे."

काकूंनी फोन खाली ठेवला. "भाव दिलाय," त्या म्हणाल्या, "घ्यायचं तेवढं राहिलं."

त्यांनी ओसरी बंद ठेवली नाही. बंदच्या दिवशीही दूध घेतलं आणि अंगणात चूल पेटवून मावा आटवायला बसल्या. शाळेतून आल्यावर मीही उलथनं धरायची. धुरानं त्यांचे डोळे लाल व्हायचे. पण हलवायांकडे मावा आधीच साठला होता, आणि गाडीवाला आता या गल्लीत वळायलाच तयार नव्हता. एकेक बाई विचारू लागली, पेंड आणायची कशातून? शेवटी धापूबाईनं म्हैस विकायला काढली.

काकू तिच्याकडे गेल्या, मी बरोबर होते. दावं सोडताना धापूबाई म्हणाली, "काकी, म्हूं तो थारी बात पे रुकी थी." आवाजात राग नव्हता. म्हैस वळणाआड जाईपर्यंत दोघी उभ्या होत्या, एकमेकींपासून जरा दूर.

त्यानंतर धापूबाई ओसरीवर आली नाही. काकू रोज दोन बशा काढत, मग एक काढू लागल्या. "जाऊन या ना," मी म्हणायची. "कोणत्या तोंडानं जाऊ?" त्यांनी समिती सोडली. यंत्र दुसरीकडे गेलं.

पुढच्या पावसाळ्यात काकूंना कावीळ झाली, आणि देवासच्या डॉक्टरांनी तपासलं तर पोटात कॅन्सर. एका दुपारी म्हणाल्या, "मला धापूकडे ने." रिक्षानं नेलं. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ती लेकीकडे गंधवानीला गेलीय. काकू रिकाम्या गोठ्यासमोर ओट्यावर बसून राहिल्या. अंगात बसायचं त्राण नव्हतं, तरी ऊन कलेपर्यंत उठल्या नाहीत.

"निरोप ठेवू का?" मी विचारलं.

"नको. समोर बसून बोलायचं होतं गं. निरोपात काय सांगू?"

मग त्यांनी फार दिवस काढले नाहीत.

धापूबाईला कळलं तेव्हा ती मिळेल त्या बसनं आली. दिवस व्हायचे होते. ओसरीवर भिंतीला टेकून बसली, पदराला प्रवासाची धूळ. मी त्या दुपारचं सांगितलं. कुलूप, ओटा, सगळं. म्हटलं, "तुम्ही रागावलात म्हणून येत नाही, असंच काकूंच्या मनात राहिलं शेवटपर्यंत."



"नाराज? म्हूं? काकी से?" तिनं दोन्ही रिकामे तळवे माझ्यापुढे धरले. "म्हारे पास दूध नी थो, बेन. खाली हाथ कैसे आती?"