रोहीला कुठली गोळी

कुठल्या जनावराला कुठली गोळी, हा विषय आमच्याकडे जेवताना निघायचा. लोकांच्या घरी मुलांची लग्नं निघतात, प्लॉटचे भाव निघतात. आमच्याकडे ससा आणि रानडुक्कर. बाबांनी शेवटची शिकार केली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. चंद्रपूरकडच्या जंगलात त्यांच्या मामांनी त्यांना बंदूक धरायला शिकवलं, पुढे शिकारीवर बंदी आली, नोकरीने त्यांना लखनौला आणून टाकलं, आणि हाती उरलं ते नुसतं ज्ञान. ते मात्र त्यांनी उदार हस्ते वाटलं. "सशाला बावीसची पुरते. तितराला बाराबोअर, बारीक छर्रे. चितळाला तीनशेपंधरा. सांबराला त्याहून मोठी मिळाली तर बरं." मी वरण वाढताना विचारायचे, "आणि मेथीला?" बाबा हसायचे नाहीत. या बाबतीत त्यांना चेष्टा चालत नसे.

निशातगंजच्या आमच्या घरात एक लोखंडी कपाट आहे. त्यात तीनशेपंधराची रायफल आणि एक बाराबोअर, दोन्ही लायसन्सच्या. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि निकाल लागला की परत आणायच्या, एवढाच त्यांचा प्रवास. आई हयात होती तोवर कपाटाच्या तेलाच्या वासावरून रोज कटकट करायची. मी एका संशोधन संस्थेत बुरशीवर काम करते. मारणं मलाही नवं नाही, पण मी मारते त्यांना डोळे नसतात.

बाबांच्या त्या सगळ्या व्याख्यानांचं सार एकच होतं. हलकी गोळी घेतली की जनावर मरत नाही, जखमी होतं. मग ते कुठेतरी झुडपात जाऊन पडतं आणि मरण येईपर्यंत वाट बघतं. तरुणपणी त्यांच्या हातून एक चितळ असं सुटलं होतं. मामांनी त्यांना घरी येऊ दिलं नाही. संध्याकाळपर्यंत रक्ताच्या मागावर चालायला लावलं. "जखमी सोडून येतो तो कसाईसुद्धा नव्हे," बाबा म्हणायचे. "कसाई निदान काम पुरं करतो." हे ते इतक्यांदा म्हणत की मला ऐकू यायचंच बंद झालं होतं.

बाबांना या शहरात एकच मित्र होता. कंपनीत दोघांची टेबलं शेजारी, दोघं एकाच वर्षी रिटायर झाले. मी त्यांना चाचा म्हणते. चिनहटच्या पुढे, फैजाबाद रोडवरून आत गेलं की त्यांचं गाव. आई गेली तेव्हा आमचे मराठी मंडळवाले दहाव्याला आले, हळहळले आणि गेले. चाचा मात्र दर रविवारी येत राहिले. बसायचे, चहा प्यायचे, बाबांची सांबरं-चितळं निमूट ऐकून घ्यायचे. बाबा रविवारी सकाळी दाढी करायचे ती त्यांच्यासाठी. बाकीचे दिवस तशीच वाढलेली असायची.

गेल्या हिवाळ्यात चाचा एकदा मधल्याच वारी आले. नीलगायींच्या कळपाने त्यांचा अर्धा मटार संपवला होता. मारायची रीतसर परवानगी त्यांनी काढली होती, पण मारणार कोण? "गाँव में कोई हाथ नहीं लगाएगा, भाईसाहब. नाम में ही गाय है."

"अरे यार, गाय कहाँ से आई? हमारे यहाँ तो रोही कहते हैं."

"इसीलिए तो आपके पास आए हैं," चाचा म्हणाले.

या वाक्याने माझ्या मनात पाल चुकचुकली. बाबांच्या नाही. त्यांचं व्याख्यान सुरू झालं होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांना त्यांच्या विद्येचं काम सांगत होतं. त्यांच्या तोंडावर असं तेज मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. चाचा म्हणाले, बाराबोअर तेवढी आणा, रायफल राहू द्या. बाबांनी त्यांना लहान मुलाला समजवावं तसं समजावलं: रोहीची कातडी जाड, छर्रे मांसात जाऊन अडकतात, हाडापर्यंत पोचत नाहीत, रोहीला तीनशेपंधराच हवी आणि तीही खांद्यामागे. चाचा "जी, जी" करत राहिले. जिना उतरताना मला हळूच म्हणाले, "बिटिया, बारहबोर ही रखवाइएगा." मला वाटलं, आवाजाला घाबरतात.

दोन्ही बंदुका गाडीत ठेवून मीच गाडी चालवली. चिनहटचे कारखाने मागे पडले आणि धुक्यात शेतं लागली. चाचांच्या घरी चाचींनी आम्हाला गरम घुघनी खायला घातली, त्यांच्याच शेतातल्या मटाराची, वर हिरवी मिरची. बाबांना त्यांनी आग्रह करकरून वाढलं. सून आतबाहेर करत होती, सावकाश, कमरेवर हात ठेवून. पहिलंच बाळंतपण होतं. चाची तिला दर पाच मिनिटांनी "बैठ जाओ" म्हणत होत्या.

मग आम्ही तिघं घरामागच्याच शेतातल्या ट्यूबवेलच्या खोलीआड जाऊन बसलो. बाबांनी रायफल काढली, तसा चाचांनी तिच्या नळीवर हात ठेवला.

"ये नहीं, भाईसाहब."

"अरे, समझाया था ना…"

"आपने समझाया, हम समझ गए. इससे तो यहीं गिर जाएगी." चाचा आमच्याकडे बघत नव्हते. "छर्रा लगेगा तो भागेगी. नहर पार कर जाएगी. उधर दूसरे गाँव की ज़मीन है."

बाबांना समजायला वेळ लागला. मला लागला नाही. चाचांना बंदुकीतलं सगळं कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच त्यांना हलकी बंदूक हवी होती. जनावर मरायला हवं होतं, पण दुसऱ्याच्या हातून आणि दुसऱ्याच्या जमिनीवर.

"और वहाँ कितने दिन पड़ी रहेगी?" बाबांनी विचारलं.

"बहू पेट से है, भाईसाहब. अपनी ज़मीन पर हत्या हो जाए और कल को कुछ ऊँच-नीच हुई, तो हम घर में क्या मुँह दिखाएँगे? हाथ जोड़ता हूँ." आणि त्यांनी खरंच हात जोडले.

चाचा दुष्ट नव्हते, हे मला इथे लिहायलाच हवं. आईला हॉस्पिटलमध्ये रक्त त्यांनीच दिलं होतं. पण त्या क्षणी मला त्यांची किळस आली. आमच्या माथी पाप मारायला बोलावलं होतं आणि वर कुठल्या बंदुकीने मारायचं तेही तेच ठरवणार होते. मी बाबांना मराठीत म्हटलं, "चला, घरी जाऊ. ह्यांचं हे बघतील."

"आपण गेलो तर हा दुसरा कुणी आणेल," बाबा म्हणाले. "बाराबोअरवाला."

त्यांनी रायफल भिंतीला टेकवली आणि बाराबोअर मांडीवर घेतली. चाचांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं.

उन्हाने धुकं विरळ झालं तसा कळप नहराकडून आला. पुढे तपकिरी माद्या, मागे मोठा निळसर-काळा नर. तो मटारात शिरला आणि मान खाली घालून सावकाश खाऊ लागला, जणू कुणी पान वाढून ठेवलं होतं. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बाराबोअर जमिनीवर ठेवली आणि रायफल उचलली. चाचा म्हणाले, "भाईसाहब," एवढंच. त्यांचं पुढचं बोलणं गोळीच्या आवाजात बुडालं.

नर जागीच बसला, मग एका अंगावर कलंडला. एकदा पाय झाडले. कळप नहरापार गेला. बाबांनी सांगितलं होतं तसंच सगळं झालं, खांद्यामागे, एका गोळीत.

चाचा बांधावर मटकन बसले, डोक्याला हात लावून. आवाज ऐकून चाची धावत आल्या, मेलेलं जनावर पाहून थबकल्या. "ई का कइ दिहेव, भइया!" त्या किंचाळल्या, आणि तशाच उलट पावली पळाल्या. मागून सून येत होती. तिच्या डोळ्यांवर पदर टाकून चाचींनी तिला घरात ओढलं आणि दार लावून घेतलं.

गाव लांब उभं राहून बघत होतं. जनावर पुरायचं होतं, पण कुदळीला हात लावायला कुणी येईना. शेवटी बाबा आणि मी खणायला लागलो. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस आणि प्रयोगशाळेतली बाई, किती खणणार! जवळच्या वीटभट्टीवरचे छत्तीसगढचे मजूर आले आणि त्यांनी खड्डा पुरा केला. म्हणजे तेही परकेच. चाचा तोवर बांधावरून उठले नव्हते. काम झाल्यावर बाबा हापशाकडे हात धुवायला निघाले, तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. "भाईसाहब, नहर पर धो लीजिए."

बाबांनी नहरावर हात धुतले. थंड पाण्यात बराच वेळ धुतले.

परतताना चिनहटच्या चौकात गाडी अडकली तेव्हा बाबा म्हणाले, "जागेवर गेला. त्याला त्रास झाला नाही."

"चाचांना झाला," मी म्हटलं.

मी तोडून बोलले, पण मला दोघांचाही राग आला होता. शेत त्यांचं, सून त्यांची, आणि हात जोडलेल्या मित्राला उत्तर न देता बाबांनी गोळी झाडली होती. त्या जनावराची दया आली म्हणून, की पन्नास वर्षं सांगितलेलं एकदा करून दाखवायला मिळालं म्हणून? हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनी बाराबोअर चालवली असती तर मी त्यांना माफ केलं नसतं, हेही खरं.

रविवारी चाचा आले नाहीत. बाबा दाढी करून बसले होते. त्याच्या पुढच्या रविवारीही बसले. मग त्यांनी फोन केला, तर "तबीयत ज़रा ढीली है" असं उत्तर आलं. होळीला मेसेजसुद्धा आला नाही. बाबांनी जेवताना शिकारीचं बोलणं सोडून दिलं. मला वाटलं होतं, सुटले एकदाची. पण ते ताटाकडे बघत जेवायचे आणि मी उगाच पुन्हा वरण वाढायचे.

एप्रिलमध्ये फोन वाजला. बाबांना ऐकू कमी येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. चाचांचा आवाज खुशीत होता. "पोता हुआ है, भाईसाहब!"

"अरे वाह!" बाबा उभेच राहिले. "बच्चा ठीक है? बहू?"

"सब ठीक. एकदम तंदुरुस्त."

"कब है बरही?" बारशाला इकडे बरही म्हणतात.

"इतवार को."

"आते हैं यार, हम दोनों आते हैं. बिटिया की गाड़ी है." बाबा मला हाताने खुणावत होते, कॅलेंडर बघ, कॅलेंडर बघ. फोनमध्ये काहीच ऐकू येईना, तसे ते म्हणाले, "हैलो?"

"हाँ, भाईसाहब. वो… घरवाली मानती नहीं. बच्चा छोटा है. आप बुरा मत मानिएगा. आप मत आइए."

बाबा अजून उभेच होते. "अच्छा," ते म्हणाले. "हाँ. सही है. छोटा बच्चा है." मग म्हणाले, "मटर कैसी हुई?"

"बहुत अच्छी. उसके बाद एक भी नहीं आई."

"अच्छा. चलो, बढ़िया."

फोन ठेवून ते खुर्चीत बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच गॅस पेटवला. चाचांना फोन करून चार शब्द सुनवावेत असं मला वाटत होतं. काय सुनवायचं ते सुचत नव्हतं. बऱ्याच वेळाने बाबांनी बाहेरच्या खोलीतून हाक मारली.

"अग, बाळंतविडा कुरियरने पाठवता येतो का?"

चाचांचं गाव आमच्या घरापासून तासाभरावरसुद्धा नाही.

"येतो," मी म्हटलं.