मर्यादाबाई

आमच्या कचेरीत कोणी 'साधारण' हा शब्द उच्चारला, की मर्यादाबाई हातातलं पेन खाली ठेवत आणि चष्म्यावरून बघत विचारत, "कितीपासून कितीपर्यंत?" माझ्यासाठी आलेल्या स्थळाची आई एकदा कचेरीतच चौकशीला आली होती. "मुलगा साधारण उंच आहे," एवढं ती बोलली आणि सापडली. ते स्थळ पुन्हा आलं नाही. बाई म्हणाल्या, "बरं झालं. ज्या आईला मुलाची उंची सांगता येत नाही, ती पुढं काय सांगणार?"

त्यांचं खरं नाव मालतीबाई. मर्यादाबाई हे नाव कामामुळं पडलं. दुष्काळाची ती वर्षं. नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या कुटुंबांची नोंद करायला आमची कचेरी उघडली होती. गावातून भरलेले फॉर्म यायचे, आम्ही ते तपासून पुण्याला पाठवायचो. तिथं त्यांची भोकं पाडलेली कार्डं व्हायची आणि ती कॉम्प्युटर वाचायचा. कॉम्प्युटर आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता, पण त्याची भीती कलेक्टरपेक्षा जास्त होती. त्यानं एक मर्यादापत्रक धाडलं होतं. वय शून्य ते नव्व्याण्णव, कुटुंबातली माणसं एक ते पंचवीस, असं बरंच काही. यात न बसणारा फॉर्म नापास होऊन परत यायचा. पास झाला, तरच त्या कुटुंबाला माणशी धान्याचं कार्ड.

पत्रक बाईंना पाठ होतंच, शिवाय त्यांची स्वतःची नजर होती. एका फॉर्मवर वय आठ आणि मुलं तीन लिहिलं होतं. दोन्ही आकडे मर्यादेत. बाई मला म्हणाल्या, "कुसुम, आठ वर्षांच्या बाप्याला तीन पोरं! एकेकटे आकडे शहाणे असतात गं, जोडीनं बसले की वेडेपणा करतात." ऐंशीतलं शून्य गळालं होतं.

त्याच सुमारास एका गावाचे चाळीस फॉर्म आले. एक खाडाखोड नाही. प्रत्येक घरात पाच माणसं. नवरा पस्तीस, बायको तीस, मुलं दहा, आठ आणि पाच वर्षांची. नोंदणी कारकून घरोघर न हिंडता लिंबाखाली बसून लिहीत सुटला होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. बाईंनी तो गठ्ठा बाजूला काढून साहेबांपुढं ठेवला.

साहेब म्हणाले, "यात मर्यादेबाहेर काय आहे?"

"काहीच नाही. म्हणून तर आणलंय."

"मग पाठवा."

पाठवले. चाळीसच्या चाळीस पास झाले. संध्याकाळी बाई पदर खोचत म्हणाल्या, "यंत्राला खोटं चालतं. फक्त ते मापात पाहिजे."

पुढच्याच आठवड्यात श्रीगोंद्याकडच्या एका कुटुंबाचा फॉर्म नापास होऊन आला. माणसं चौतीस. साहेबांनी तोडगा काढायला वेळ लावला नाही. "पंचवीस लिहा. लगेच पास."

"आणि उरलेली नऊ कुठं ठेवू?"

"ते त्यांचं घर बघेल."

बाईंनी सही केली नाही. रविवारी मला घेऊन एस.टी.नं त्या गावी गेल्या. चार भावांचं घर, एक चूल, दावणीला दोनच बैल उरलेले. थोरला भाऊ ओसरीवर उठून उभा राहिला. "मोजा की बाई. आमी काय पळून चाल्लोय व्हय? पन सगळी न्हाईत घरात. धा जनं बंधाऱ्याच्या कामावर गेल्यात."

"येऊ देत. थांबते मी."

दिवस कलेपर्यंत आम्ही बसून राहिलो. माणसं आली, तशा बाई एकेकाला नाव विचारून फॉर्मवर टिंब करत गेल्या. चौतीस भरले. थोरला हळूच म्हणाला, "धाकट्याच्या मालकिनीला सातवा म्हैना हाय. त्ये धरायचं का?"

"जन्मल्यावर कळवा."

"बरं. मंग चौतीसच लिवा. जास्ती नगं." भाकरी पोरांना अर्धीअर्धी वाटली जात होती. आम्हाला पुढं केलेली बाईंनी घेतली नाही, पोट बिघडलंय म्हणाल्या. पोट ठणठणीत होतं.

परतताना मीच म्हटलं, "बाई, पंचवीस लिहिलं तर पंचवीस जणांना तरी मिळेल. तुमच्या हट्टापायी चौतीस उपाशी राहतील." त्या म्हणाल्या, "खरं आहे तुझं. म्हणून हट्ट लवकर संपवायला हवा."

सोमवारी रजेचा अर्ज न देता त्या मला घेऊन पुण्याला गेल्या. प्रोग्राम लिहिणारा एक चष्मेवाला तरुण होता, बिचारा सज्जन. बाईंनी फॉर्म पुढं केला. "पंचवीस हा आकडा कुठून आला?"

"मीच टाकला. अंदाजानं. एका घरात याहून जास्त कशी असतील?"

"तुमच्या घरी किती माणसं?"

"चौघं."

"मग चारच टाकायचे. तेवढं तरी तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं."

तरुण लाल झाला. भोकांच्या कार्डावर नव्व्याण्णवपर्यंत जागा असल्याचं त्यानंच कबूल केलं. मग दोघं टेबलाशी बसले. पंचवीसच्या वरचा आकडा आला, तर यंत्रानं फेटाळायचं नाही. खूण करून विचारायचं आणि माणसानं जाऊन खात्री करून सही द्यायची, असं ठरलं. काम तासाभराचं होतं. आमच्या साहेबांची मंजुरी मिळायला आठ दिवस लागले. तोवर बाई रोज सकाळी त्यांच्या दारात उभ्या राहत. नवव्या दिवशी चौतीस माणसांचं धान्याचं कार्ड निघालं. निघालेलं मी स्वतः पाहिलं.

वर्षाअखेरीस कचेरीत समारंभ झाला. शून्य चुकांबद्दल लिंबाखालच्या कारकुनाला शाल आणि नारळ मिळाला. विनापरवाना गैरहजेरीबद्दल बाईंना ठपक्याचं पत्र मिळालं. त्यांनी ते पत्र बारकाईनं वाचलं आणि तारीख चुकली आहे म्हणून दुरुस्तीला परत पाठवलं.

निवृत्तीनंतर त्या कोल्हारला एकट्या राहायच्या. सख्खं कोणी नव्हतं. त्या गेल्या, तेव्हा मृत्यूची नोंद करायला मीच गेले. फॉर्मवर 'मृताशी नाते' असा रकाना होता. मी लिहिलं, 'हाताखालची कारकून'. खिडकीतल्या माणसानं कागद परत सरकवला. "बाई, असं चालत नाही. मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, असं काहीतरी पाहिजे. मुलगी लिहा, चटकन होईल."

मी 'हाताखालची कारकून' खोडलं. मागं रांग होती. मग 'मुलगी' लिहिलं. त्यानं न बघता शिक्का मारला.

बाई असत्या, तर त्यांनी तो फॉर्म नक्की बाजूला काढला असता आणि चौकशीला स्वतः निघाल्या असत्या. चौकशीअंती त्यांनी तो नापास केला असता का, हे मात्र मला अजून सांगता येत नाही.